आधी पाणी, मग जाळ

मराठीत 'बंब' म्हटले की दोन वस्तू डोळ्यांसमोर येतात. एक घंटा वाजवीत आग विझवायला धावणारा, आणि दुसरा पहाटे न्हाणीघरात पोटात आग घेऊन बसणारा. पोर्तुगीज भाषेत पंपाला 'बोंबा' म्हणतात, त्यावरून आपला बंब आला असे सांगतात. आग विझवणाऱ्याला आणि आग पेटवून घेणाऱ्याला एकच नाव, ही गंमत मी वर्गात मुलांना नेहमी सांगत असे. आज मात्र दुसऱ्या बंबाविषयीच लिहायचे आहे.

ज्या नातवंडांनी बंब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करते. तांब्याचे किंवा पितळेचे उभे पिंप. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत आरपार गेलेले नळकांडे. नळकांड्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. विस्तव नळकांड्यात आणि पाणी त्याच्या भोवती. वरून ढलप्या, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या टाकत राहायचे. बाजूला तोटी. झाले! ना वायर, ना बटण.

हे सगळे आठवायला कारण घडले. माझ्या भाच्याचा मुलगा मित्रांबरोबर जव्हारला तंबू ठोकून राहायला आला होता. (हल्ली हनुमान पॉइंट, दाभोसा धबधबा पाहायला मुंबईची पुष्कळ मुले येतात.) त्याने पिशवीतून एक चकचकीत स्टीलचे भांडे काढले आणि म्हणाला, "आजी, ही बघ, आयर्लंडची केटली. काटक्यांवर पाच मिनिटांत पाणी उकळते. असे काही पाहिले आहेस का?" मी ती उलटी केली, मधल्या भोकातून पलीकडचा उजेड पाहिला आणि म्हटले, "बाळा, हा तर आपला बंब. तोटी तेवढी राहिली." त्याला पटेना. मग मी घरातला जुना फोटो काढून दाखवला, तेव्हा कुठे पटले. गोष्ट इथेच संपली असती, पण बोलता बोलता लक्षात आले की केटली कशी पेटवायची एवढे त्याला ठाऊक होते, ती कशी सांभाळायची हे नव्हते. सोबत आलेली पुस्तिका त्याने खोक्यातच ठेवली होती! म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास. (शिक्षिकेची सवय, जाणार कुठे?)

भोवती पाणी आणि मध्ये आग ही युक्ती कोणा एकाची नाही. रशियातल्या तुला या गावी लिसित्सिन बंधूंचा समोवार बनवण्याचा कारखाना १७७८ साली होता. समोवार म्हणजे 'स्वतः उकळणारा'. काश्मीरमध्ये तोच तांब्याचा, आतून कल्हई केलेला, मधल्या नळीत निखारे घालून चहासाठी आजही वापरतात. आयर्लंडमध्ये मेयो परगण्यात लॉक कॉन नावाचे सरोवर आहे. तिथे मासे धरायला जाणाऱ्यांसाठी केली नावाच्या कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी केटली केली, तीच आता कुटुंबाच्या नावाने जगभर विकली जाते. न्यूझीलंडमध्ये जॉन हार्ट यांनी १९२९ साली 'थर्मेट' काढली. दुसऱ्या महायुद्धात न्यूझीलंडच्या सैनिकांनी ती उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात नेली आणि तिचे नाव पडले 'बेनगाझी बॉयलर'. वाळवंटात जळण मिळणार किती? मूठभर काटक्यांत चहा होतो, हेच तिचे मोल.

आपल्याकडे हे काम तांबटांचे. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी त्यासाठी प्रसिद्ध. पेशवाईत कोकणातून येऊन वसलेले हे कारागीर. राज्य गेल्यावर त्यांचा हातोडा घरगुती भांड्यांवर चालू लागला, आणि हंडे, घागरी यांच्याबरोबर बंब हा त्यांचा मोठा माल झाला. तांब्यावर ठोके देऊन जी चमकदार नक्षी उठवतात तिला माठारकाम म्हणतात. ते नुसते शोभेसाठी नसते, ठोक्यांनी पत्रा घट्ट आणि कडक होतो. आमच्या जव्हार-मोखाड्याला नाशिक जवळचे, त्यामुळे इथल्या घरांत आलेले बंब बहुधा नाशिकच्या भांडी बाजारातले. लग्नात मुलीला बंब देणे ही मोठी गोष्ट समजली जाई. माझ्या माहेरी साताऱ्याकडच्या वाड्यात जो बंब होता तो आजीच्या लग्नातला होता, आणि तो पेटवण्याचा अधिकार तिने शेवटपर्यंत सोडला नाही.

आता त्या मधल्या भोकाचे महत्त्व पाहू. तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला की जाळ हंड्याच्या बुडाला चाटून बाजूंनी निघून जातो. लाकडातली दहा-पंधरा टक्के उष्णता पाण्यात गेली तरी पुष्कळ. बंबात जाळाला बाहेर पडायला एकच वाट, आणि ती पाण्याच्या मधून जाते. जाता जाता तो चहूबाजूंनी पाण्याला ऊब देऊन जातो. शिवाय उभे नळकांडे धुराड्याचे काम करते. गरम हवा वर जाते, खालून ताजी हवा ओढली जाते आणि फुंकणीशिवाय जाळ धडधडतो.

बंबाचे दोन प्रकार मी पाहिले आहेत. एकात तोटी खाली असते. उघडली की गरम पाणी येते, आणि लक्ष नसेल तर बंब रिकामा होतो. दुसऱ्यात वर एक नरसाळे असते. त्यात गार पाणी ओतले की ते नळीवाटे तळाशी जाते, आणि जेवढे ओताल तेवढेच गरम पाणी वरच्या बाजूच्या तोटीतून बाहेर पडते. गार ओतल्याखेरीज ऊन पाणी मिळतच नाही! त्यामुळे हा बंब कधी रिकामा होत नाही आणि मागून येणाऱ्याच्या आंघोळीचीही सोय होते. ज्या कोणा तांबटाने हे नरसाळे पहिल्यांदा लावले त्याला मी नमस्कार करते. माणसाच्या विसराळूपणाचा विचार करून त्याने भांडे घडवले.

कारण पहिला नियम हाच: आधी पाणी, मग जाळ. आजी हे रोज म्हणायची. कारण तिने कधी सांगितले नाही, ते मला पुढे विज्ञानाच्या पुस्तकात सापडले. भांड्यात पाणी असेपर्यंत धातू शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, पाणी उष्णता ओढून घेते. पाणी नसले की तोच पत्रा जाळाइतका तापू लागतो. तांबे वितळायला हजारावर अंश लागतात हे खरे, पण सांधे ज्या कथलाच्या झाळीने जोडलेले असतात ती दोन-अडीचशे अंशांच्या आसपासच पाघळते. झाळ सुटली की बंब गळू लागतो. केटली ॲल्युमिनियमची असेल तर तिचे बूडही वाकडे होऊ शकते. म्हणून चहा ओतून झाल्यावर रिकामी केटली पुन्हा निखाऱ्यांवर ठेवू नये. आणि तापलेल्या रिकाम्या भांड्यात एकदम गार पाणी तर मुळीच ओतू नये. सांधा तडकतो तो तडकतोच, वर वाफेचा भपकारा तोंडावर येतो.

दुसरा नियम: वाफेची वाट कधी बंद करायची नाही. केटलीला एक बूच असते. ते पाणी वाहून नेताना सांडू नये आणि कचरा जाऊ नये यासाठी असते. जाळ लावण्याआधी ते काढून ठेवायचे. एक लिटर पाण्याची वाफ झाली तर ती सोळाशे लिटरच्या वर जागा मागते. ती न मिळाल्यास काय होते हे मी पाहिले आहे. १९८६-८७च्या सुमाराला एका वसतिगृहात (नाव देत नाही) मुलांच्या आंघोळीसाठी मोठा नरसाळ्याचा बंब होता. त्याच्या तोटीला कोणीतरी चावी बसवून घेतली होती, पाणी वाया जाऊ नये म्हणून. थंडीच्या एका सकाळी चावी बंद होती, आणि राख उडून पाण्यात पडते म्हणून नरसाळ्यात ओली चिंधी कोंबलेली होती. दोन्ही वाटा बंद! पाणी घ्यायला आलेल्या स्वयंपाकीण बाईंनी चिंधी ओढली मात्र, कढत पाण्याचा फवारा त्यांच्या हातावर आणि मानेवर आला. भोवती मुले होती, ती थोडक्यात वाचली. धावपळीत कोणी भाजल्या जागी शाई ओतली, कोणी टूथपेस्ट फासली. बाईंना एस.टी.ने जव्हारच्या दवाखान्यात न्यावे लागले. त्या बऱ्या झाल्या, पण हाताची बोटे पूर्वीसारखी मिटली नाहीत. भाकरी थापणाऱ्या बाईला बोटे न मिटणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

म्हणून इथेच लिहून ठेवते. भाजल्यावर लगेच त्या जागी साधे, गार, वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. वीस म्हणजे वीस, घड्याळ लावून. बर्फ नाही, हळद नाही, शाई नाही, टूथपेस्ट नाही. बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैल झाकावे आणि डॉक्टरांकडे जावे.

तिसरा नियम: नळकांड्यावर वाकायचे नाही. वरून काटकी टाकताना हात बाजूने न्यावा, तोंड लांब ठेवावे. पदर, ओढणी, मोकळे केस आवरावेत. केटलीची मूठ उचलताना हात नळकांड्याच्या वर येणार नाहीत अशा बेताने मूठ आडवी धरून दोन्ही बाजूंनी उचलायची असते, आणि ओतताना एका हाताने मूठ व दुसऱ्याने बुडाजवळची साखळी. घाईत माणूस नेमका सरळ वरून हात घालतो आणि मनगट पोळून घेतो. जाळ वरून जिभा काढत असेल तर थोडा वेळ थांबावे. चहा कुठे पळून जात नाही.

चौथा नियम: जाळ मोकळ्या हवेत. आजीच्या न्हाणीघराला दार धड नव्हते, वर कौलांतून उजेड यायचा, भिंतीत झरोका होता. तेव्हा आम्ही थंडी वाजते म्हणून कुरकुरत असू. आता त्या झरोक्याचे उपकार कळतात. लाकूड, कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, ग्लानी येते आणि माणूस झोपल्यासारखा पडतो. फरशा बसवलेल्या, खिडकी बंद केलेल्या आजच्या बाथरूममध्ये बंब पेटवणे म्हणजे संकटाला बोलावणे. तंबूच्या आत केटली पेटवणे हेही तसेच, पाऊस असो की थंडी. उबेसाठी निखारे तंबूत घेणे त्याहून वाईट.

बाकी सांभाळणे फार अवघड नाही. नळकांड्यात काजळी धरते, ती अधूनमधून काठीला काथ्या बांधून खरवडावी, नाहीतर ओढ कमी होते आणि धूर खालून बाहेर येतो. जाळीखालची राख पूर्ण गार झाल्यावरच काढावी. वरवर विझलेल्या राखेत निखारा तासन् तास जिवंत राहतो. काम झाल्यावर केटली रिकामी करून, बूच न लावता, पालथी वाळवावी. तांबे चिंच-मीठ किंवा लिंबाने घासावे. आतून पाण्याचे क्षार धरले तर चिंचेचे पाणी रात्रभर ठेवून खळबळून टाकावे. बंबाला आतून कल्हई नसते, त्यामुळे त्यातले पाणी चहा-स्वयंपाकाला घेऊ नये. जुन्या बायका 'कळकते' म्हणत, ते हेच. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी बंब घासून त्याला झेंडूची माळ घालायची पद्धत होती. ती पूजा खरी, पण त्या निमित्ताने वर्षातून एकदा भांडे नीट तपासलेही जाई.

जळण कोणते, हेही महत्त्वाचे. केटलीला बोटाएवढ्या सुक्या काटक्या पुरतात. इकडे वाळलेली कारवी फार छान पेटते. कण्हेर, थोर जाळू नये. बिब्ब्याचे लाकूड तर हातीही धरू नये, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, इथल्या आदिवासी मुलांना हे न शिकवता ठाऊक असते. प्लॅस्टिक, रबर, रंग दिलेले लाकूड बंबात घालू नये.

आता जे मनात आहे ते लिहिते. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. मी १९७४ साली इथे नोकरीला आले तेव्हा हा ठाणे जिल्हा होता, पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. जव्हार गावात, बाजारपेठेतल्या पक्क्या घरांतून बंब होते. पण ज्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी बायका डोक्यावर मोळी घेऊन पहाटे गावात येत, त्यांच्या घरी बंब मी एकाही पाड्यावर पाहिला नाही. त्यांच्याकडे तीन दगड. म्हणजे जळण वाचवणारे भांडे जळण विकत घेणाऱ्याच्या घरी, आणि जळण वाहून आणणारीच्या घरी सगळ्यांत जास्त जळण खाणारी चूल! तांब्याची किंमत बघता यात नवल नाही. पण इतिहास शिकवताना मी राजांच्या सनावळ्या शिकवत होते, आणि खिडकीबाहेरून हा इतिहास रोज डोक्यावर मोळी घेऊन जात होता.

पाण्याचेही तेच. मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण झाले, २०१४ पासून त्याचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. बंबाला लागतात दोनच गोष्टी, लाकूड आणि पाणी. या भागात दोन्ही बाईच्या डोक्यावरून येतात.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असे नाही. १९८०च्या दशकात निर्धूर चुलीची योजना आली. चूल चांगली होती, पण धुराडे काजळीने बुजले की साफ कोण करणार आणि कसे, हे फार थोड्या ठिकाणी समजावून सांगितले गेले. मग बायकांनी धुराडे काढून टाकले आणि चूल पुन्हा पहिल्यासारखी झाली. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, सिलिंडर आला. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत मात्र गॅस चहाला आणि पाहुण्यांना, आंघोळीचे पाणी अजून तीन दगडांवरच. भांडे देणे सोपे असते, त्याबरोबरची समज देणे कठीण. माझ्या आजीने मला बंब दिला नाही, पण समज दिली. निर्धूर चुलीच्या बाबतीत नेमके उलटे झाले.

म्हणून इथे फिरायला येणाऱ्या मुलांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. इथल्या रानातली काटकी फुकटची नाही, ती कोणाच्या तरी चुलीची आहे. पाड्यावरच्या बाईकडून मोळी विकत घ्या, योग्य पैसे द्या, घासाघीस करू नका. आणि फेब्रुवारी ते मे या दिवसांत रान वाळून कोळ झालेले असते. केटली ठेवण्याआधी भोवतीचे गवत दोन हात साफ करा, वारा असेल तर पेटवू नका, निघताना राखेवर पाणी ओतून हाताने चाचपून पाहा. गरम लागली तर अजून पाणी ओता. एका ठिणगीने वणवा लागला तर तुम्ही मुंबईला पोचलेले असता, विझवायला धावतात ते पाड्यावरचे लोक, हातात ओल्या फांद्या घेऊन. तिथे आगीचा बंब पोचत नाही.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. माळ्यावर बंब असेल तर मोडीत घालण्याआधी तो खाली काढा. पाणी भरून एक रात्र वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर झाळ गेली आहे, तांबटाकडून करून घ्या आणि तोवर पेटवू नका. कागद कोरडा असेल तर बंब अजून कामाचा आहे. अंगणात, मोकळ्यावर, एखाद्या थंडीत पेटवून नातवंडांना दाखवा. पेटवताना आधी पाणी त्यांच्याकडूनच भरून घ्या.

आणखी एक. बंबाच्या जाळीला, नळकांड्याला, नरसाळ्याला तुमच्या घरात काय म्हणत? गोव्यात आंघोळीच्या पाण्याच्या भांड्याला 'भाण' म्हणतात. तुमच्याकडचे शब्द आणि बंबाविषयीचे आजी-आजोबांचे नियम आठवत असतील तर मला जरूर कळवा. एका वहीत मी ते उतरवून ठेवते आहे. वहीची आतापर्यंत अकरा पाने भरली आहेत.